एकच केसपेपर, अनेक हात

२५ सप्टेंबर २०१४ च्या रात्री अमेरिकेतील डॅलस शहरात, टेक्सास हेल्थ प्रेस्बिटेरियन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात थॉमस एरिक डंकन नावाचा लायबेरियाचा नागरिक ताप आणि पोटदुखीची तक्रार घेऊन आला. नर्सने नेमाप्रमाणे चौकशी केली आणि तो आफ्रिकेतून आला असल्याचे संगणकातील नोंदीत लिहिले. पश्चिम आफ्रिकेत त्या महिन्यांत इबोलाची साथ पसरलेली होती. तरीही काही तासांनी अँटिबायोटिक लिहून देऊन डंकनला घरी पाठवण्यात आले. २८ तारखेला तो रुग्णवाहिकेतून परत आला, ३० तारखेला इबोलाचे निदान झाले आणि ८ ऑक्टोबरला त्याचा मृत्यू झाला. त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन नर्सना लागण झाली. सुदैवाने त्या दोघी बऱ्या झाल्या.

रुग्णालयाने २ ऑक्टोबरला खुलासा केला की नर्सच्या आणि डॉक्टरांच्या नोंदींचे मार्ग संगणकात वेगवेगळे होते, त्यामुळे प्रवासाची माहिती डॉक्टरांच्या पडद्यावर आपोआप आली नाही. दुसऱ्याच दिवशी हा खुलासा मागे घेतला गेला. माहिती डॉक्टरांनाही दिसू शकत होती, यंत्रणेत दोष नव्हता, असे आता सांगण्यात आले. यातला कोणताही खुलासा खरा धरला तरी निष्पत्ती एकच निघते. नर्सने योग्य गोष्ट योग्य वेळी लिहिली होती आणि ती कुणाच्याही निर्णयात उतरली नाही.

इलेक्ट्रॉनिक नोंदींवरची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा खर्च, गोपनीयता आणि प्रशिक्षण या तीन मुद्द्यांभोवती फिरते. एक चौथा मुद्दा तितकाच मोठा आहे आणि त्याच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. एकाच रुग्णाबद्दल अनेक जण एकाच वेळी लिहितात तेव्हा कुणाचे लिहिणे टिकते, कुणाचे अडते, कुणाचे नकळत पुसले जाते, आणि कुणाचे टिकूनही वाचले जात नाही? वरवर पाहता हा प्रश्न प्रोग्रामरचा वाटतो. माझ्या मते तो आधी नर्सिंगचा आहे, आणि म्हणूनच खाटेवरच्या प्रत्येक माणसाचा आहे.

अतिदक्षता विभागात जंतुसंसर्ग रक्तात भिनलेला एखादा रुग्ण दाखल होतो, ती वेळ डोळ्यांसमोर आणा. एक सिस्टर दर काही मिनिटांनी रक्तदाब घेते आहे. दुसरी अँटिबायोटिकचा पहिला डोस सुरू करते आहे. तिसरी रक्ताचे नमुने काढून प्रयोगशाळेकडे पाठवते आहे. कुणीतरी लघवीचे प्रमाण मोजते आहे, निवासी डॉक्टर सलाइनचा वेग बदलून लिहितो आहे, औषधविभागातून कुणीतरी मात्रा तपासते आहे. ही सगळी माणसे त्याच पाच मिनिटांत त्याच एका नोंदीत लिहीत असतात. संगणकाच्या दृष्टीने ही टक्कर असते. वॉर्डाच्या दृष्टीने ते नेहमीचे काम असते, आणि रुग्ण जितका गंभीर तितके हे हात वाढत जातात. म्हणजे नोंदीची यंत्रणा जिथे अडखळण्याची शक्यता सर्वांत जास्त, तिथेच तिची गरजही सर्वांत जास्त असते.

कागदाच्या काळात ही अडचण नव्हती असे मुळीच नाही. कागदाला स्वतःचे कुलूप होते: तो ज्याच्या हातात, त्यानेच लिहायचे. केसपेपर राउंडबरोबर फिरत असला की सिस्टरला थांबावे लागे. तो एक्स-रे विभागात गेला की सगळ्यांनाच थांबावे लागे. पण नर्सिंगने त्यावर फार शहाणा तोडगा काढला होता. तापमान, नाडी आणि श्वास नोंदवायचा टीपीआर चार्ट खाटेच्या पायथ्याशी, इनटेक-आउटपुटचा कागद वेगळा, औषधांचा तक्ता वेगळा, आणि पाळी बदलताना ओव्हर देण्यासाठी रिपोर्ट बुक वेगळे. कामाच्या स्वरूपानुसार नोंदी विभागल्या होत्या, म्हणून चार जणी एकाच वेळी चार ठिकाणी लिहू शकत. प्रत्येकीचे अक्षर वेगळे, शाई वेगळी, सही वेगळी. खोडले तर खोडलेले दिसे. या साध्या सोयींमध्ये किती विचार साठलेला होता हे त्या गेल्यावर कळते.

संगणक आला तो एका मोठ्या आश्वासनासह. एकच नोंद, ती एकाच वेळी सगळ्यांच्या हातात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ऑक्टो बार्नेट यांच्या प्रयोगशाळेत मम्प्स ही संगणकभाषा तयार झाली, ती रुग्णालयातल्या अनेकांना एकच यंत्र एकाच वेळी वापरता यावे म्हणून. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांची व्हिस्टा ही प्रणाली त्याच भाषेवर उभी राहिली, आणि आज तिथल्या अनेक मोठ्या रुग्णालयांत चालणारी एपिक ही प्रणालीही त्याच घराण्यातली आहे. या भाषेत लॉक नावाची आज्ञा आहे. एक जण नोंद बदलत असताना दुसऱ्याने थांबावे, यासाठी ती वापरतात. तिचा एक गुण लक्षात घेण्याजोगा आहे. ते कुलूप सक्तीचे नसते. सगळ्या प्रोग्रामांनी ‘आधी विचारू, मग लिहू’ हा करार पाळला तरच ते चालते. म्हणजे एकत्र लिहिण्याचा प्रश्न यंत्राच्या अगदी तळाशीही शेवटी कराराचाच आहे.

आज या टकरीवर सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे साधारण तीन उत्तरे आहेत. तिन्ही तपासून पाहू.

पहिले उत्तर कुलुपाचे. एका सिस्टरने नोंद उघडली की दुसरीला ती फक्त वाचता येते. हिशेबाच्या खात्यात हे शोभते, कारण तिथे थांबणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. वॉर्डात बिघडते. नोंद उघडलेली असताना शेजारच्या खाटेवरून घंटा वाजते, सिस्टर धावते, आणि तिची नोंद तशीच उघडी राहते. दुसरीला पडद्यावर सूचना येते की ही नोंद अन्य व्यक्ती वापरत आहे. ती काय करणार? रक्तदाबाचा आकडा हाताच्या तळव्यावर किंवा कागदाच्या चिटोऱ्यावर लिहिते आणि पाळी संपताना सगळे एकदम भरते. कुलपाने संगणकातील टक्कर टळली, पण खरी नोंद संगणकाबाहेर, चिटोऱ्यावर गेली. मधल्या तासांत ज्याने पडदा पाहून निर्णय घेतला, त्याने शिळ्या माहितीवर निर्णय घेतला.

दुसरे उत्तर म्हणजे शेवटी जतन करणाऱ्याचे खरे मानणे. एका सिस्टरने आठ वाजता रुग्णाचा माहितीचा फॉर्म उघडला. दुसरीने तोच फॉर्म आठ वाजून पाच मिनिटांनी उघडला, नातेवाइकांनी सांगितलेली पेनिसिलिनची ॲलर्जी त्यात भरली आणि जतन केला. आठ दहाला पहिलीने रुग्णाचा फोन नंबर दुरुस्त करून आपला जुना उघडलेला फॉर्म जतन केला. ॲलर्जी गेली. ती कुणी पुसली नाही, कुणाला पुसायची नव्हती, कुणाला कळलेही नाही. अशी यंत्रणा सर्वांत सुटसुटीत वाटते, कारण ती कुणालाच अडवत नाही. मला ती सर्वांत धोकादायक वाटते, कारण तिच्यातली चूक कुणाचीच नसते आणि म्हणून ती कुणी शोधत नाही.

तिसरे उत्तर नव्या जमान्याचे आहे. अनेकांनी एकाच दस्तऐवजात एकाच वेळी टाइप करायचे आणि यंत्राने सगळ्यांचे बदल आपोआप मिसळायचे. क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी १९८९ मध्ये या पद्धतीचा पाया घातला. आज गूगल डॉक्सवर शाळकरी मुलेही तिचा फायदा घेतात. लेख लिहिताना ती उत्तम आहे. पण रुग्णाची नोंद हा लेख नाही. मध्यरात्री एखादा वृद्ध खाटेवरून पडला. एका सिस्टरने लिहिले की दोन वाजून दहा मिनिटांनी तो जमिनीवर आढळला. दुसरीने लिहिले की त्याच वेळी तिने त्याला खाटेवर झोपलेला पाहिला. ही दोन वाक्ये मिसळून एक गुळगुळीत परिच्छेद तयार झाला, तर तो परिच्छेद कुणीच पाहिलेला नसतो. दोघींचे म्हणणे जुळत नाही, हीच तिथली सर्वांत महत्त्वाची माहिती असते.

माझे म्हणणे इथून सुरू होते. केसपेपर हा अनेकांनी मिळून लिहिलेला एक मजकूर नव्हे. ती अनेकांच्या साक्षींची मांडणी आहे. साक्षीला साक्षीदार लागतो, पाहिल्याची वेळ लागते आणि ती दुसऱ्याच्या साक्षीखाली गाडली न जाण्याची हमी लागते. हे मान्य केले की टकरीचा बराचसा प्रश्न विरघळतो. रक्तदाब, नाडी, वेदनेची तीव्रता, दिलेला डोस, रुग्णाने सांगितलेली गोष्ट ही सगळी निरीक्षणे आहेत. दहा जणींनी दहा निरीक्षणे एकाच सेकंदाला नोंदवली तरी त्यांत भांडण नाही. प्रत्येक निरीक्षण आपल्या नावाने, आपल्या वेळेसह वेगळे बसते. दुरुस्ती करायची तर जुने तसेच ठेवून नवे जोडायचे. इथे कुणालाही कुलूप लावण्याचे कारण नाही आणि मिसळण्याचेही नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल. सगळेच काही निरीक्षण नसते. ॲलर्जीची यादी, चालू औषधांची यादी, रुग्णाचे वजन, पुढच्या चोवीस तासांचा आराखडा यांचे ‘आत्ताचे’ एकच रूप लागते. बाळाला औषधाची मात्रा किलोमागे मिलिग्रॅममध्ये ठरवायची असते तेव्हा डॉक्टरला वजनाच्या तीन साक्षी नको असतात, एक आकडा हवा असतो. खरे आहे. पण एक आकडा हवा म्हणून आधीचे आकडे कुणी, कधी, का बदलले हे हरवले पाहिजे असे नाही. आपल्या महसूल व्यवस्थेने हे फार पूर्वी ओळखले. सातबाऱ्यावर जमिनीची आजची स्थिती दिसते. तिच्यामागे गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही असते, जिथे प्रत्येक बदलाला क्रमांक, तारीख आणि कारण असते. बदलावर हरकत आली तर ती दडपत नाहीत, ६-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत तिला जागा मिळते. शेतजमिनीच्या तुकड्यासाठी आपण हे करतो. पेनिसिलिनच्या ॲलर्जीसाठीही हेच करायला हवे: आजची यादी स्वच्छ, तिच्यामागचा प्रत्येक फेरफार शाबूत, आणि मतभेद असेल तर तो माणसाने सोडवेपर्यंत पडद्यावर ठळक.

तंत्रज्ञान यासाठी अपुरे नाही. आरोग्यविषयक माहितीच्या देवाणघेवाणीसाठी जगभर वापरले जाणारे फायर हे मानक आपल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही स्वीकारले आहे. त्यात नेमकी ही सोय आहे. नोंद बदलताना आपण तिची कोणती आवृत्ती पाहून बदलतो आहोत, हे सांगता येते. मधल्या वेळात दुसऱ्या कुणी ती बदलली असेल तर सर्व्हर आपला बदल नाकारतो आणि आधी नवे पाहून घ्यायला लावतो. वरच्या उदाहरणातली ॲलर्जी अशाने वाचली असती. मात्र ही सोय वापरायचीच, अशी सक्ती प्रत्येक प्रणालीवर नाही. खरेदी करणाऱ्याने विचारले तरच विक्रेता ती देईल. आणि खरेदीच्या बैठकीत हे विचारायचे कुणाला सुचत असेल, तर ते ज्यांनी अशी हरवलेली ॲलर्जी शोधली आहे त्यांनाच.

आता वेळेबद्दल. नर्सच्या प्रत्येक नोंदीला दोन वेळा असतात: घटना घडली ती वेळ आणि ती लिहिली ती वेळ. चांगली प्रणाली दोन्ही वेगळ्या जपते. या दोहोंतले अंतर जितके वाढते तितका धोका वाढतो. एका सिस्टरने दहा वाजता पॅरासिटामॉल दिले, पण नोंद करण्याआधीच तिला दुसऱ्या खाटेकडे जावे लागले. तिच्या जेवणाच्या सुट्टीत आलेल्या दुसरीला तक्त्यात तो चौकोन रिकामा दिसला आणि तिने पुन्हा डोस दिला. दोघींनी आपापले काम प्रामाणिकपणे केले. रुग्णाला मात्र दुप्पट औषध गेले. कृती आणि नोंद यांमधले अंतर कमी करणे हा एकत्र लिहिण्याचा गाभा आहे. अनेकांनी एकाच वेळी लिहिता येणे महत्त्वाचे ठरते ते यामुळेच, की त्याशिवाय कृतीच्या क्षणीच लिहिणे शक्य होत नाही.

हे अंतर मिटवण्याची सर्वांत यशस्वी युक्ती एका नर्सला सुचली. १९९० च्या दशकात कॅन्सस राज्यातील टोपीका येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयातील नर्स स्यू किनिक यांनी भाड्याची गाडी परत करताना तिथल्या कर्मचाऱ्याला हातातल्या यंत्राने गाडीवरचा बारकोड वाचताना पाहिले. गाडीचा हिशेब असा होऊ शकतो, तर औषधाचा का नाही, असा प्रश्न त्यांना पडला. रुग्णाच्या मनगटावरची पट्टी आणि औषधाचे पाकीट दोन्ही खाटेशीच स्कॅन करायचे, म्हणजे डोस देणे आणि तो नोंदवणे एकाच वेळी होते, ही पद्धत त्यातून रुजली आणि पुढे माजी सैनिकांच्या रुग्णालयांत देशभर लागू झाली. बोस्टनच्या ब्रिगॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधील या पद्धतीचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. औषध देण्यातील चुका, वेळेच्या चुका वगळून, बारकोडशिवाय ११.५ टक्के होत्या आणि बारकोडसह ६.८ टक्के झाल्या.

पण हीच पद्धत वॉर्डाशी न जुळता आणली तर काय होते, हेही नोंदलेले आहे. रॉस कॉपेल आणि सहकाऱ्यांनी बारकोड वापरणाऱ्या रुग्णालयांत केलेली पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. बारकोडला वळसा घालण्याचे १५ प्रकार त्यांना सापडले. रुग्णाच्या पट्टीच्या जास्तीच्या प्रती ट्रॉलीवर किंवा दाराच्या चौकटीवर चिकटवून तिथेच स्कॅन करणे हा त्यांतला एक. त्यामागची ३१ कारणेही त्यांनी नोंदवली: न वाचता येणारे कोड, उतरलेली बॅटरी, वायरलेस न पोहोचणारे कोपरे, हरवलेल्या पट्ट्या. नर्सचा आळस हे कारण या सगळ्याला पुरत नाही. यंत्र काम अडवते तेव्हा जबाबदार माणूस कामाच्या बाजूने उभा राहतो आणि यंत्राला वळसा घालतो.

नियम कडक केले की सुरक्षा आपोआप येते, हा समज व्यवस्थापनाला फार प्रिय असतो. त्याला आकडे साथ देत नाहीत. एकाच वेळी अनेक रुग्णांच्या नोंदी उघड्या ठेवल्याने चुकीच्या रुग्णावर औषध लिहिले जाते, म्हणून एका वेळी एकच नोंद उघडू द्यावी, अशी शिफारस अमेरिकेत होती. २०१९ मध्ये जामा या नियतकालिकात तिची यादृच्छिक चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना एकच नोंद उघडता येत होती, काहींना चारपर्यंत. चुकीच्या रुग्णावर औषध लिहिण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे निघाले. दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात संगणकावरून औषधे लिहिण्याची पद्धत आली. तातडीने दुसरीकडून आणल्या जाणाऱ्या बाळांसाठी पूर्वी अनेक हात आधीच तयारीला लागत. नव्या प्रणालीत बाळ प्रत्यक्ष येऊन त्याची नोंदणी होईपर्यंत औषध मागवताच येईना, आणि डॉक्टर व नर्स खाटेऐवजी संगणकाशी अडकू लागल्या. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अशा मुलांमधील मृत्यूचे प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्के झाले. सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयात तीच प्रणाली आली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण वाढल्याचे आढळले नाही. सॉफ्टवेअर तेच होते. ते वॉर्डात कसे बसवले यात फरक होता.

इथे सर्वांत वजनदार आक्षेपाकडे यायला हवे. नर्सना आधीच किती लिहावे लागते! कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा बारा तासांच्या एका पाळीत एक नर्स सरासरी ६०० हून अधिक नोंदी हाताने भरत असल्याचे दिसले. म्हणजे साधारण मिनिटाला एक. त्यात ‘क्षणाक्षणाला लिहा, नावानिशी लिहा, वेळ वेगळी लिहा’ असा उपदेश करणे हा अन्याय ठरेल. म्हणून माझी मागणी जास्त लिहिण्याची नाही. कमी लिहावे, पण लिहिलेले प्रत्येक अक्षर उपयोगी पडावे, ही आहे. एकच माहिती तीन पडद्यांवर भरायला लावणे, विम्यासाठी आणि तपासणीसाठी म्हणून रकाने वाढवत जाणे, मागच्या पाळीचे सगळे जसेच्या तसे पुढे ढकलण्याची सोय देणे, यांनी नोंदींचा ढीग वाढतो आणि त्या ढिगात डॅलसच्या नर्सचे वाक्य हरवते. वाचणाऱ्याची जबाबदारीही इथेच येते. पाच जणींनी एकाच वेळी लिहिणे शक्य करून दिले आणि त्यातले कोणते वाक्य आत्ता डॉक्टरसमोर उभे राहिले पाहिजे हे ठरवलेच नाही, तर ते काम अर्धेच राहिले.

नर्स काय लिहिते याबरोबरच ती कधी लिहिते हेही बोलके असते, याचा फार सुंदर पुरावा अलीकडे मिळाला आहे. साराह रोसेटी आणि सहकाऱ्यांनी कन्सर्न नावाची प्रणाली उभी केली. ती नर्सच्या नोंदींची लय पाहते. ठरल्यापेक्षा जास्त वेळा रक्तदाब घेतला का? रात्री वेगळी टिप्पणी लिहिली का? ठरलेले औषध थांबवून ठेवले का? अनुभवी सिस्टरला पेशंट ‘बरा वाटत नाही’ तेव्हा आकडे बिघडण्याआधीच तिची पावले त्या खाटेकडे वळतात, आणि ती पावले नोंदींत उमटतात. ७४ वॉर्डांतील, ६० हजारांहून अधिक रुग्णांवर वर्षभर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये आले. ही प्रणाली वापरलेल्या वॉर्डांत मृत्यूचा धोका ३५.६ टक्क्यांनी कमी आढळला. आता विचार करा. कुलपामुळे सिस्टरने सगळ्या नोंदी पाळीच्या शेवटी भरल्या असत्या, किंवा शेवटच्या जतनाने आधीच्या पुसल्या गेल्या असत्या, तर ही लय कुठून मिळाली असती? नर्सचे शहाणपण ज्या वेळांमध्ये दडलेले असते, त्या वेळा जपणारी नोंद हा उपचाराचाच भाग आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आपली अडचण एक पाऊल अलीकडची आहे. वॉर्डात संगणक एखादाच, तोही नर्सिंग स्टेशनवर. सकाळी एका सिस्टरने लॉगिन केले की तेच लॉगिन सगळ्या पाळीला पुरते, कारण दर वेळी बाहेर पडून पुन्हा आत यायला कुणाकडे वेळ नसतो. रात्रपाळीला हाताशी माणसे आणखी कमी असतात. मग चार जणींचे काम एकीच्या नावावर चढते. यात तिच्यावर अन्याय आहे आणि इतर तिघींवरही. पुढे तक्रार झाली तर जिचे नाव आहे तिला न केलेल्या कामाचे उत्तर द्यावे लागते, आणि जिने उत्तम काम केले तिचे नाव कुठेच नसते. कागदावर प्रत्येकीची सही होती. संगणक आणून आपण ती काढून घेतली असेल, तर आधुनिकतेची किंमत चुकीच्या माणसांनी मोजली.

हा प्रश्न कायद्याच्या दारातही उभा आहे. रुग्णाला त्याची वैद्यकीय कागदपत्रे मिळण्याचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच मान्य केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून कशी मांडायची हे सांगितले आहे. न्यायालयासमोर उद्या येणारी नोंद कुणी लिहिली, कधी लिहिली आणि नंतर तिच्यात काय बदलले, हे ती स्वतःच सांगू शकली पाहिजे. तसे नसेल तर ती रुग्णाच्याही कामाची नाही आणि नर्सच्याही बचावाची नाही.

म्हणून काही स्पष्ट मागण्या मांडतो. रुग्णालयांनी प्रणाली विकत घेताना विक्रेत्याला आपल्यासमोर एक साधी चाचणी करून दाखवायला सांगावी: दोन सिस्टरनी एकाच रुग्णाची नोंद एकाच वेळी उघडायची, दोघींनी वेगवेगळे बदल जतन करायचे, आणि दोन्ही बदल टिकले की नाहीत, टक्कर झाली तर ती दोघींना दिसली की नाही, हे तिथेच पाहायचे. निरीक्षणांच्या नोंदींना कुलूप नको. याद्यांमधला कोणताही बदल मूकपणे व्हायला नको. ओळखपत्र टेकवताच प्रत्येकीचे लॉगिन उघडेल अशी सोय हवी, म्हणजे एकमेकींचे नाव वापरण्याची वेळच येणार नाही. प्रवास, ॲलर्जी, पडण्याचा धोका अशी नर्सने नोंदवलेली मोजकी माहिती डॉक्टरला औषध लिहिण्याआधी समोर दिसलीच पाहिजे. जो रकाना कुणी वाचत नाही तो काढून टाकावा. आणि परिचर्येच्या अभ्यासक्रमात नोंद ठेवणे शिकवताना सुवाच्य लिहिण्याबरोबर, आपली नोंद पडद्याआड कुठे जाते आणि कुणाला दिसते, हेही शिकवावे.

यांतली एकही मागणी महागड्या यंत्राची नाही. सगळ्या ऐकून घेण्याच्या आहेत. आपल्या रुग्णालयांत संगणकीकरणाच्या समित्या बसतात तेव्हा टेबलाभोवती अधिष्ठाता असतात, लेखाधिकारी असतात, विक्रेत्याचे प्रतिनिधी असतात. रात्रपाळीला चौतीस खाटा सांभाळणारी सिस्टर तिथे नसते. ती नसेल तोवर यंत्रणा चुकीच्या प्रश्नांची उत्तरे देत राहील. पुढची निविदा निघण्याआधी तिला त्या टेबलावर बोलवा, तिच्यासाठी खुर्ची राखून ठेवा आणि तिने नाही म्हटले तर ती प्रणाली घेऊ नका.